डेटा बंद असला तरी धाव नोंदली जाते

"मोबाइल डेटा बंद केला की जीपीएस चालत नाही, म्हणून धावण्याच्या किंवा सायकलिंगच्या अ‍ॅपसाठी मोठा पॅक मारा," असा मेसेज बरीच वर्षं ग्रुपवर फिरतोय.

तसं वाटणं साहजिक आहे. नेट गेलं की स्क्रीन कोरी पडते. पण कोरा पडतो तो नकाशा. तुम्ही कुठे आहात हे फोनला तेव्हाही कळत असतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळेचे संकेत पाठवतात. फोन ते फक्त ऐकतो, उलट काही पाठवत नाही. संकेत पोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं आणि किमान ४ उपग्रह सापडले की जागा ठरते. नेट असेल तर उपग्रह लवकर सापडतात, इतकंच.

पडताळा सोपा आहे. मरीन ड्राइव्हवर डेटा आणि वायफाय बंद करा, लोकेशन चालू ठेवा, मोकळ्या आकाशाखाली मिनिट-दोन मिनिटं थांबून मग रेकॉर्डिंग सुरू करा. घरी येऊन नेट लावलं की समुद्राकाठची ती बाकदार रेघ नकाशावर दिसेल. फोर्टच्या गल्ल्यांत रेघ भरकटली तर तो इमारतींवर आपटून येणाऱ्या सिग्नलचा परिणाम, पॅकचा नव्हे.

त्यामुळे अ‍ॅप निवडताना पॅकपेक्षा दोन गोष्टी बघा: नकाशा आधी डाउनलोड करता येतो का, आणि आपला मार्ग जीपीएक्स फाइल (मार्गाची नोंद ठेवणारी, इतर अ‍ॅपमध्येही उघडता येणारी फाइल) म्हणून बाहेर काढता येतो का. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण उद्या अ‍ॅप बदललं तरी तुमच्या नोंदी तुमच्याकडेच राहतात.