आगीची वर्दी डोळ्यांना

श्रवणयंत्र रात्री काढून उशाशी ठेवतात. म्हणजे ऐन झोपेत, आग लागली तर जाग यायची सर्वांत जास्त गरज असताना, कमी ऐकू येणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही. पॅसेजमधला भोंगा कितीही कोकलला तरी त्याला पत्ता नाही. कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये इअरप्लग घालून काम करणाऱ्याची तर भरदिवसा हीच गत. अशांसाठी भिंतीवर किंवा छताला लखलखणारा दिवा बसवतात. फायर अलार्मवाले त्याला स्ट्रोब किंवा फ्लॅशर म्हणतात.

दिवा बसवला की झालं, असं नाही. आवाज कोपऱ्याला वळसा घालून येतो, दाराच्या फटीतून शिरतो. उजेड सरळ जातो. मग दिव्याकडे पाठ करून बसलेल्याला तो दिसणार कसा? म्हणून दिवा दिसतो का यापेक्षा त्याचा उजेड समोरच्या भिंतीवर, टेबलावर किती पडतो, हे मोजतात. युरोपचं ईएन ५४-२३ हे मानक ०.४ लक्स मागतं; लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप. अमेरिकेच्या एनएफपीए ७२ या मानकात २० फूट बाय २० फूट खोलीला भिंतीवरचा १५ कँडेलाचा एक दिवा चालतो; कँडेला हे दिव्याच्या प्रखरतेचं माप. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २० फूट म्हणजे ६.१ मीटर. १५ ला ६.१ च्या वर्गाने, म्हणजे ३७.२ ने भागा. उत्तर तेच, ०.४! खोलीची बाजू दुप्पट केली की दिवा चौपट, ६० कँडेलाचा लागतो.

पौर्णिमेचं चांदणं साधारण पाव लक्स असतं. मग ट्यूबलाइटच्या उजेडात ०.४ लक्स जाणवणार काय? जाणवतो, कारण हा आकडा डोळ्यावर होणाऱ्या परिणामाच्या हिशेबाने काढलेला असतो. स्ट्रोबमधल्या झेनॉन वायूच्या नळीतली लखलख सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकीही टिकत नाही, पण त्या क्षणी ती या आकड्याच्या कित्येक पट प्रखर असते.

झोपायच्या खोलीत १५ कँडेलाने भागत नाही, मिटलेल्या पापण्यांतून उजेड आत जायला हवा. तिथे एनएफपीए ७२ नुसार ११० कँडेला लागतात. दिवा छतापासून २४ इंचांच्या आत असेल तर १७७, कारण धूर आधी छताशी साचतो आणि दिव्याला झाकतो.

लखलख सेकंदाला एक-दोनदाच हवी. एका हॉलमध्ये चार-पाच दिवे आपापल्या तालात लुकलुकले तर डोळ्याला वेग कितीतरी जास्त भासतो, आणि प्रकाशाने झटके येणाऱ्यांना ते घातक ठरू शकतं. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये एका कार्टूनमधल्या सेकंदाला सुमारे १२ वेळा होणाऱ्या लाल-निळ्या लखलखाटाने ६०० हून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. म्हणून एका नजरेत येणारे दिवे एकाच वेळी चमकतील अशी जोडणी करतात.

मी पाहिलेल्या सोसायट्यांत काच फोडायची लाल पेटी असते, हूटर असतो, आणि हूटरवर मिणमिणणारा लाल एलईडी. त्याला कुणी फ्लॅशर समजू नये. हॉटेलात गेलो की माझी नजर आताशा आधी छताकडे जाते, मग बाथरूमच्या छताकडे. पलंगावरच्या छतातला दिवा कितीही प्रखर असो, बाथरूमचं दार लावलं की आत अंधार.