जळजळ असेल तर स्लीव्ह की बायपास?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टर विचारतात, "रोज कोणकोणत्या गोळ्या घेता?" बीपीची सांगितली जाते, शुगरची, थायरॉइडची. सकाळी चहाआधीची, आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोल मात्र अनेकदा सांगायची राहून जाते, कारण वर्षानुवर्षं घेतलेली ती गोळी औषध वाटेनाशीच होते. पण पोटावर कोणती शस्त्रक्रिया करायची, हा निर्णय याच गोळीमुळे बदलू शकतो. म्हणून ती आधी सांगा. किती वर्षं घेता, चुकवली तर काय होतं, रात्री आंबट पाणी घशाशी येऊन जाग येते का, उशी उंच करून झोपावं लागतं का, तेही सांगा.

आज जगात आणि भारतातही या प्रकारातली सर्वाधिक होणारी शस्त्रक्रिया म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. तोंडातून जठरात एक नळी घालतात. बहुतेक ठिकाणी ती ३६ ते ४० फ्रेंच मापाची असते, म्हणजे साधारण १२ ते १३ मिलिमीटर जाड. त्या नळीच्या कडेकडेने स्टेपलर चालवत जठर उभं कापतात आणि बाहेरच्या बाजूचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते एक अरुंद उभी नळी. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या घुमटात तयार होतं, तोही निघून जातो. आतड्याला हात लागत नाही, शस्त्रक्रियेला वेळ कमी लागतो, समजायलाही सोपी. त्यामुळे पहिल्याच भेटीत अनेकांचा कल तिच्याकडे झुकतो, आणि ज्यांना जळजळीचा त्रास नाही त्यांच्यासाठी ती चांगली शस्त्रक्रिया आहेच.

आता जळजळ का होते ते पाहू. अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथे तीन-चार सेंटिमीटर लांबीचा स्नायूंचा झडपवजा भाग असतो. श्वासपटलाचे स्नायू त्याला बाहेरून आवळून धरतात. शिवाय अन्ननलिका जठरात सरळ न शिरता तिरकी शिरते, त्यामुळे जठर भरलं की वरचा घुमट फुगून ते तोंड दाबून धरतो. पोटात चरबी साठली की आतला दाब वाढतो आणि झडप वारंवार सैल पडते. कित्येकांचा जठराचा वरचा भाग श्वासपटलातल्या फटीतून छातीत सरकलेला असतो. याला हायटस हर्निया म्हणतात. मग आम्ल वर येतं. वजन उतरलं की हा दाबही उतरतो, म्हणून लठ्ठ माणसाची जळजळ वजन घटल्यावर बरेचदा कमी होते. तर मग वजन उतरवणाऱ्या कोणत्याही शस्त्रक्रियेने फायदा व्हायला हवा, असं वाटणं साहजिक आहे.

स्लीव्हच्या बाबतीत हे गणित बिघडतं. मूळचं जठर सैल सुती पिशवीसारखं असतं. जेवण आत गेलं की ते पसरतं आणि आतला दाब फारसा वाढत नाही. ही पसरण्याची ताकद मुख्यतः वरच्या घुमटात असते आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच कापला जातो. उरलेली नळी ताणली जात नाही. तिचं खालचं तोंड, म्हणजे आतड्याकडे उघडणारं दार, शाबूत असतं आणि आपल्या गतीनेच उघडतं. मध्ये जठराला जिथे बाक असतो तिथे नळी आवळली किंवा पिळली गेली तर अडथळा आणखी वाढतो. दाब खाली वाट शोधू शकला नाही की वर शोधतो. वर झडपेला आधार देणारे स्नायूतंतू स्टेपलच्या रेषेजवळच असतात, त्यांनाही इजा होऊ शकते. काहींच्या बाबतीत पुढे ही नळीच वर छातीत सरकते. वजन उतरूनही जळजळ नव्याने सुरू होते, ती अशी.

हे फक्त तर्काने सांगितलेलं नाही. स्वित्झर्लंडमध्ये २१७ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं, कोणतीही निवड न करता दोन गटांत विभागलं. एका गटाची स्लीव्ह झाली, दुसऱ्याची रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून तिला थेट लहान आतडं जोडण्याची शस्त्रक्रिया. पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना आधीपासून जळजळ होती त्यांच्यापैकी बायपासनंतर ६० टक्के जणांचा त्रास गेला, स्लीव्हनंतर २५ टक्के जणांचा. त्रास वाढला तो स्लीव्ह गटात जवळपास ३२ टक्के जणांचा, बायपास गटात सुमारे ६ टक्के. फिनलंडमध्ये २४० जणांचा असाच अभ्यास झाला. दहा वर्षांनी दुर्बिणीने पाहिलं तेव्हा अन्ननलिकेला सूज किंवा जखमा स्लीव्ह गटात ३१ टक्के जणांना आढळल्या, बायपास गटात ७ टक्के जणांना.

याच फिनलंडच्या अभ्यासातली दुसरी गोष्टही सांगायला हवी, नाहीतर भीतीच पसरेल. आम्लाच्या सततच्या माऱ्याने अन्ननलिकेचं अस्तर बदलतं, त्याला बॅरेट म्हणतात. अशा बदलातून पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. इटलीतल्या एका अभ्यासात स्लीव्हनंतर १७ टक्के जणांना असा बदल दिसला होता आणि त्याने बरीच खळबळ उडाली. फिनलंडमध्ये मात्र दहा वर्षांनी हे प्रमाण दोन्ही गटांत ४ टक्केच निघालं. स्लीव्ह झालेल्या प्रत्येकाने धास्ती घ्यावी असं काही नाही. जळजळ आधीपासून असताना ती शस्त्रक्रिया निवडताना मात्र दहादा विचार करावा.

बायपास जळजळीवर का चालतो? त्यात जठराच्या अगदी वरच्या टोकाची सुमारे ३० मिलीची छोटी पिशवी करतात आणि बाकीचं जठर वेगळं करून आतच ठेवतात. आम्ल तयार करणाऱ्या पेशी बहुतांशी त्या वेगळ्या केलेल्या भागात राहतात. पिशवीला लहान आतडं थेट जोडलेलं असल्याने अन्न अडत नाही, दाब साचत नाही. यकृताकडून येणारा पित्तरस शंभर-दीडशे सेंटिमीटर खाली जाऊन आतड्याला मिळतो, म्हणून तोही सहसा वर येत नाही. वाय आकाराची ही जोडणी स्विस सर्जन सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाते. ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची, आणि तेव्हा तिचा लठ्ठपणाशी काही संबंधही नव्हता.

पण बायपास फुकट मिळत नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे सगळं आयुष्यभर पूरक म्हणून घ्यावं लागतं आणि ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. स्लीव्हनंतरही हे लागतंच, बायपासनंतर कुचराई मात्र महागात पडते. आपल्याकडे शाकाहारी माणसांत बी-१२ आधीच कमी असतं, तिथे तर ही बाब हलक्यात घेऊच नये. दुसरी गोष्ट गुडघेदुखीची. वजन जास्त असलेल्या कितीतरी जणांचे गुडघे झिजलेले असतात आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या रोजच्या झालेल्या असतात. बायपासनंतर या गोळ्यांमुळे पिशवी आणि आतड्याच्या जोडावर अल्सर होऊ शकतो, विडी-सिगारेटने तर तो धोका फारच वाढतो. म्हणून गुडघ्यांचं पुढे काय करायचं ते शस्त्रक्रियेआधीच अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवावं. तंबाखू तर आधीच सुटलेली हवी. शिवाय वेगळं ठेवलेलं जठर नेहमीच्या दुर्बिणीने पुन्हा सहज तपासता येत नाही.

भारतात मिनी गॅस्ट्रिक बायपासही बराच केला जातो. त्यात दोन जोडांऐवजी एकच जोड असतो, म्हणून तो सोपा आणि वजन उतरवायला उत्तम. परंतु पित्तरस त्या जोडावरूनच पुढे जातो आणि काही जणांमध्ये तो पिशवीत आणि तिथून अन्ननलिकेत चढतो. पॅन्टोप्राझोलचं काम आम्ल कमी करणं, पित्तरस थांबवणं नव्हे, त्यामुळे इथे ती गोळी विशेष कामाची नाही. तीव्र जळजळ असणाऱ्याला 'बायपास करू' असं सांगितलं गेलं, तर कोणता बायपास हे विचारून घ्यावं.

निर्णय फक्त लक्षणांवर होऊ नये. छातीत जळजळणं हे आम्लामुळेच असेल असं नाही, मधुमेह असलेल्या स्थूल माणसात ते हृदयाचंही असू शकतं. उलट, दुर्बिणीत अन्ननलिकेला जखमा दिसतात आणि माणसाला काहीच त्रास नसतो, असंही घडतं. म्हणून शस्त्रक्रियेआधी एन्डोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, करून घ्यावीच. अन्ननलिकेच्या जखमांना ए ते डी अशी श्रेणी देतात. सी किंवा डी असेल, किंवा बॅरेट असेल, तर माझ्या मते स्लीव्हचा विषय तिथेच संपतो. ए श्रेणीची किरकोळ सूज असेल, किंवा एन्डोस्कोपी स्वच्छ असून तक्रार मात्र असेल, तर २४ तासांची पीएच तपासणी कामी येते. नाकातून अन्ननलिकेत बारीक तार सोडून एक दिवस-रात्र आम्लाची नोंद घेतात. जेवलात कधी, आडवे झालात कधी, जळजळ कधी झाली, हे आपण छोट्या यंत्रावर बटण दाबून नोंदवायचं. नोंदीच्या एकूण वेळेपैकी ६ टक्क्यांहून जास्त वेळ अन्ननलिकेत आम्ल राहिलं तर आजार पक्का. ४ टक्क्यांच्या आत असेल तर ते सर्वसामान्य. त्रास सौम्य असेल आणि छोटा हर्निया असेल तर तो त्याच वेळी शिवून स्लीव्ह करता येते, मात्र पुढे त्रास वाढू शकतो हे कबूल करूनच. आधी स्लीव्ह करू, जळजळीचं नंतर बघू, असं म्हणण्यात एक अडचण आहे. जळजळीवरच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत जठराचा घुमट अन्ननलिकेभोवती गुंडाळतात आणि स्लीव्हनंतर तो घुमट शिल्लकच नसतो.

ज्यांची स्लीव्ह आधीच झाली आहे त्यांनी शस्त्रक्रियेनंतर एका वर्षाने आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एन्डोस्कोपी करावी, अशी या क्षेत्रातल्या 'इफ्सो' या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. त्रास नसला तरीही. गोळ्यांनी आवरत नसलेली जळजळ असेल तर स्लीव्हचं रूपांतर रू-एन-वाय बायपासमध्ये करता येतं आणि बहुतेकांना त्याने आराम पडतो. पण दुसऱ्यांदा केलेली शस्त्रक्रिया पहिल्यापेक्षा जोखमीची असते, त्यामुळे ती अशी रूपांतरं नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच करावी.