सांगोला विधानसभा मतदारसंघ

सांगोला हा सोलापूर जिल्ह्यातील विधानसभा मतदारसंघ. निवडणूक आयोगाच्या यादीत त्याचे नाव 'सांगोले' आणि क्रमांक २५३ असा आहे. बोलताना मात्र सगळे सांगोलाच म्हणतात. संपूर्ण सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्यातील भाळवणी महसूल मंडळ त्यात येते. २००८ च्या पुनर्रचनेनंतर तो माढा लोकसभा मतदारसंघाला जोडला गेला, त्याआधी पंढरपूर लोकसभेत होता. सांगोला शहर सोडले तर सगळा भाग खेड्यांचा आणि वाड्यावस्त्यांचा आहे.

हा माणदेश. तालुक्यातून माण नदी वाहते, पण वर्षातले बहुतेक दिवस तिचे पात्र कोरडेच. पाऊस कमी, जमीन हलकी. त्यामुळे पूर्वी ज्वारी, बाजरी, शेळ्यामेंढ्या आणि खिलार जनावरे यांवरच घर चाले. रविवारचा जनावरांचा बाजार आजही दूरदूरच्या व्यापाऱ्यांना खेचून आणतो. पुढे ठिबकवर डाळिंब आले आणि ज्या खडकाळ रानाला कोणी विचारत नव्हते, त्याच रानाने पैसा दाखवला. देशातील शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहूनच पश्चिम बंगालमधील शालिमारकडे सुटली. तरी इथल्या प्रचारसभेत पहिला विषय पाण्याचाच असतो: टेंभू आणि म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचे, नीरा उजव्या कालव्याचे पाणी शेवटच्या गावाला कधी पोचणार?

मतदारसंघाची ओळख राज्यभर झाली ती शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव देशमुख यांच्यामुळे. ते मूळचे मोहोळ तालुक्यातील पेनूरचे, पेशाने वकील. १९६२ मध्ये ते पहिल्यांदा निवडून आले आणि १९६७ मध्ये पुन्हा. १९७२ ला काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी त्यांना हरवले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परतले. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे एकूण अकरा विजय त्यांच्या नावावर आहेत. हा देशातील विक्रम असल्याचे अनेकदा छापून आले, पण ते खरे नाही. केरळातील पाला मतदारसंघातून के. एम. मणी त्याहून अधिक वेळा निवडून आले. महाराष्ट्रात मात्र याला तोड नाही, आणि तेही सत्तेबाहेरच्या एका छोट्या पक्षाच्या तिकिटावर.

देशमुख मंत्री झाले ते दोनदाच: १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. बाकी काळ विरोधी बाकावर गेला. तालुक्यात धनगर समाज मोठा आहे आणि देशमुखही त्याच समाजाचे. पण एवढ्या गणिताने अकरा विजय उलगडत नाहीत. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली. आटपाडीच्या पाणी परिषदेत स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने दुष्काळी तालुक्यांसाठी कृष्णेच्या पाण्याचा हक्क मागितला. आमदार असूनही एसटीने प्रवास करणारे 'आबा' लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. शेकापचा लाल बावटा राज्यात इतरत्र उतरत गेला तरी इथे फडकत राहिला, याचे कारण विचारसरणीपेक्षा या ओळखीत शोधावे लागते.

म्हणून इथली लढत एकतर्फी होती असे समजू नये. काँग्रेसचे आणि पुढे शिवसेनेचे शहाजीबापू पाटील वर्षानुवर्षे देशमुखांसमोर उभे राहिले आणि बहुतेक वेळा पडले. १९९५ मध्ये मात्र ते अवघ्या १९२ मतांनी जिंकले. गंमत अशी, की राज्यात काँग्रेसची सत्ता गेली त्याच निवडणुकीत सांगोल्याने काँग्रेसचा आमदार दिला. २०१४ ला देशमुखांनी शिवसेनेच्या पाटलांना २५,२२४ मतांनी हरवले. वयामुळे २०१९ ला ते उभे राहिले नाहीत. शेकापने नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उतरवले आणि ते ७६८ मतांनी पडले: पाटील ९९,४६४, देशमुख ९८,६९६. पाटलांच्या या दोन्ही विजयांची मताधिक्ये एकत्र केली तरी बेरीज ९६० होते. एखाद्या मध्यम गावाची मतदारयादी याहून मोठी असते. गणपतरावांचे ३० जुलै २०२१ रोजी निधन झाले.

पुढच्या वर्षी सांगोला वेगळ्याच कारणाने घरोघरी पोचले. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यासोबत गुवाहाटीला गेलेल्या शहाजीबापूंचे फोनवरचे बोलणे पसरले: 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील'. त्यावर गाणी झाली, टी-शर्ट निघाले. माणदेशातल्या माणसाला हिरवा डोंगर पाहून असे भरून यावे यात नवल काहीच नव्हते. हसणाऱ्यांना ते कळले नाही.

२०२४ ची लढत तिरंगी झाली. शेकापकडून गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख, शिंदे यांच्या शिवसेनेकडून शहाजीबापू आणि ठाकरे यांच्या शिवसेनेकडून दीपकआबा साळुंखे. महाविकास आघाडीतले मित्रच एकमेकांसमोर उभे ठाकल्याने शेकापचे अवघड आहे अशी चर्चा होती. निकालात बाबासाहेबांना १,१६,२५६, शहाजीबापूंना ९०,८७०, तर साळुंख्यांना ५०,९६२ मते पडली. मताधिक्य २५,३८६, म्हणजे २०१४ मध्ये आजोबांनी घेतलेल्या आघाडीपेक्षा १६२ मतांनी जास्त. राज्यात महायुतीची लाट असताना नव्या विधानसभेत शेकापचा हा एकमेव आमदार ठरला.