गिटारच्या तारेचे गेज

गेज म्हणजे तारेचा व्यास. तो इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. ०.०१० इंच जाडीच्या तारेला वादक नुसते ‘दहा’ म्हणतात आणि सहा तारांचा संच पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक तारेच्या नावाने ओळखतात. दुकानात ‘दहाचा सेट द्या’ म्हटले की उरलेल्या पाच तारा त्यात गृहीत असतात. पाकिटावर मात्र पहिल्या आणि सहाव्या तारेचे आकडे जोडीने छापलेले असतात, जसे १०-४६ किंवा १२-५३.

आकडा जाडीचा असला तरी बोटांना जाणवतो तो ताण. तारेचा स्वर तिची लांबी, तिच्यावरचा ताण आणि तिचे दर मीटर वजन या तिन्हींवर ठरतो. हा नियम मारें मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी १६३६ साली ग्रंथात मांडला. लांबी आणि स्वर तेच ठेवून तार जाड केली, तर ताण व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून नऊ आणि दहा यांच्यातला फरक ०.०२५ मिलिमीटरचा, केसापेक्षाही कमी, पण ताण जवळपास २३ टक्क्यांनी वाढतो. ६४८ मिलिमीटर लांबीच्या गिटारवर पहिली तार नेहमीच्या स्वराला लावली, तर नऊची तार सुमारे ६ किलोने ओढते, दहाची ७.४ आणि बाराची साडेदहा किलोच्या वर. सहाही तारांची बेरीज नऊच्या इलेक्ट्रिक संचात ३९ किलोच्या आसपास भरते, दहाच्यात ४७, तर अकूस्टिकच्या १२-५३ संचात ७४. हा सगळा भार लाकडाची पातळ पट्टी आणि डिंकाचे सांधे रात्रंदिवस पेलत असतात.

पाकिटावरच्या ‘लाईट’, ‘मीडियम’ या शब्दांवर विसंबू नये. अकूस्टिकचा ‘लाईट’ संच बहुधा बाराचा असतो, इलेक्ट्रिकचा दहाचा. त्यातही प्रत्येक कंपनीची बाराखडी वेगळी. आकडाच पाहावा. आकडा सारखा असला तरी दोन्ही वाद्यांचे संच एक नसतात. खरा फरक तिसऱ्या तारेत आहे. इलेक्ट्रिकच्या दहाच्या संचात ती साधी पोलादी, सतराची असते; अकूस्टिकच्या दहाच्या संचात तिच्यावर ब्राँझ गुंडाळलेले असते आणि जाडी तेवीसच्या आसपास. इलेक्ट्रिकवर सहज ओढली जाणारी तिसरी तार अकूस्टिकवर हटून बसते ती यामुळे. उलट इलेक्ट्रिकवर अकूस्टिकचा संच चढवणे फसते, कारण ब्राँझ चुंबकाला दाद देत नाही. पिकअपला, म्हणजे तारेची हालचाल टिपणाऱ्या चुंबकाला, आतला पोलादी गाभाच काय तो ‘दिसतो’ आणि गुंडाळलेल्या तारा साध्या तारांपुढे दबून वाजतात.

अकूस्टिक गिटारमध्ये आवाज वरच्या लाकडी फळीतून येतो. ताण जास्त, तर फळी जोराने हलते आणि आवाज मोठा होतो. म्हणून ब्लूग्रास हे अमेरिकी लोकसंगीत वाजवणारे ड्रेडनॉटसारख्या मोठ्या गिटारवर १३-५६ लावतात आणि बोटांनी हळुवार वाजवणारे अकरा-बारावर थांबतात. फळी मात्र सगळेच सहन करत नाही. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीच्या जुन्या गिटारांत फळीखालच्या आधारपट्ट्या कोरून हलक्या केलेल्या असत. वादक जाडजूड तारा लावू लागले, फळ्या फुगू लागल्या, आणि १९४४ च्या अखेरीस कंपनीने ते कोरणेच थांबवले. ते परत आले १९७६ मध्ये. संग्राहक आज त्या कोरीव पट्ट्यांच्या गिटारांसाठी जीव टाकतात, आणि त्यांवर तेराचा संच लावणे शहाणपणाचे नाही. लहान आकाराच्या आणि जुन्या गिटारलाही हेच लागू. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारवर तर पोलादी तार कोणत्याही गेजची लावू नये. ती गिटार सुमारे ४० किलो ताणाच्या हिशेबाने बांधलेली असते आणि ब्रिज, म्हणजे फळीवरची तारा अडकवायची पट्टी, उखडून हातात येतो. नायलॉनच्या पाकिटावर जाडीऐवजी ‘नॉर्मल टेन्शन’, ‘हार्ड टेन्शन’ असे लिहितात. पोलादी तारांच्या पाकिटावरही असेच लिहिले असते तर बरे झाले असते.

इलेक्ट्रिकची गोष्ट उलट दिशेने गेली. १९५० च्या दशकात इलेक्ट्रिकसाठीही जाड संचच मिळत आणि त्यातली तिसरी तार गुंडाळलेली असे. तार ओढून स्वर चढवायचा तर बोटे सोलून निघत. जेम्स बर्टन यांच्यासारख्या अमेरिकी वादकांनी बँजोच्या बारीक तारा गिटारला लावल्या. काही जण बँजोची तार पहिली म्हणून घेत, बाकीच्या एकेक घर खाली सरकवत आणि सहावी पाकिटातच ठेवत. कॅलिफोर्नियातले दुकानदार अर्नी बॉल यांनी नवशिक्यांची ही ओढाताण पाहून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला १०-४६ चा हलका संच तयार करवून विकायला घेतला. आज जगभर ‘नेहमीचा’ समजला जाणारा संच तोच.

जाड तार म्हणजे भारदस्त आवाज, हा समज त्यानंतरही गेला नाही. त्याचे बरेचसे श्रेय अमेरिकी ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन यांना जाते. ते तेराची पहिली तार वापरत आणि गिटार अर्धा स्वर खाली लावत. तेवढे उतरवूनही ताण दहाच्या तारेच्या दीडपट राहतो. दुसऱ्या टोकाला झीझी टॉप या रॉक बँडचे बिली गिबन्स: ते सातच्या संचावर वाजवतात आणि त्यांचा आवाज कोणी किरकोळ म्हणत नाही. ‘इतके कष्ट कशाला करतोस?’ अशा अर्थाचे ब्लूजचे दिग्गज बी. बी. किंग यांनी विचारले आणि तेव्हापासून आपण बारीक तारांकडे वळलो, असे गिबन्स सांगतात. ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचे टोनी आयोमी यांच्यापुढे पर्यायच नव्हता. १९६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यांनी आधी बारीक तारा लावल्या आणि पुढे गिटार दीड स्वर खाली उतरवली, ज्याने ताण आणखी २९ टक्के घटतो. हेवी मेटलचा जड, काळोखा आवाज असा सैल, हलक्या तारांतून निघाला.

निवड करताना वाद्याची लांबी आणि कुठल्या स्वराला लावणार हे आधी पाहावे. आवडत्या वादकाचा आकडा नंतर. फेंडर कंपनीच्या बहुतेक गिटारांत नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंतचे (ब्रिजवरचा तारेचा टेकू) अंतर ६४८ मिलिमीटर, गिब्सन कंपनीच्या बहुतेक गिटारांत सुमारे ६२८. एवढ्याने ताण सहा टक्के कमी होतो, म्हणून गिब्सनवरचा दहाचा संच फेंडरवरच्या साडेनवासारखा लागतो. सगळी गिटार एक पूर्ण स्वर खाली लावायची असेल, तर अकराचा संच घ्यावा. बोटांना तो दहाच्या संचाइतकाच, किंबहुना किंचित सैल वाटतो. स्लाईडने वाजवणाऱ्यांना मात्र जाड तार हवीच, नाहीतर काचेची किंवा धातूची नळी तिला फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर, आपटवते.

जाडी एकटी काही सांगत नाही, याचे उत्तम उदाहरण आपल्याकडे मिरजेच्या सतारीत आहे. बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची तार साधारण ०.३० मिलिमीटरची, म्हणजे अकूस्टिकच्या बाराएवढीच जाड. तरी ती ओढून चार-पाच स्वरांची मींड निघते, कारण ती खूप लांब असते आणि बऱ्याच खालच्या स्वराला लावलेली असते. हिशेब केला तर तिचा ताण गिटारच्या नऊच्या तारेजवळ येतो.

नवशिक्याने अकूस्टिकवर दहा किंवा अकरा आणि इलेक्ट्रिकवर नऊ लावावे. ‘आधी जाड तारांवर बोटे घट्ट होऊ देत’ हा जुना सल्ला बोटांपेक्षा उत्साहच आधी मोडतो. मात्र फार बारीक तारेचा तोटाही आहे: जोरात दाबली की स्वर चढतो, आणि ज्याची पकड घट्ट आहे त्याचे सगळे कॉर्ड बेसुरे वाजतात. असा हात असलेल्याला दहाच बरे.

गेज बदलले की गिटारची जुळणीही बदलावी लागते. तारा जाड केल्या तर मान पुढे वाकते आणि तारा फ्रेटपासून उंच जातात. बारीक केल्या तर मान मागे जाते आणि तारा फ्रेटवर खरखरतात. दोन्हींवर इलाज ट्रस रॉड, म्हणजे मानेतली कसता येणारी सळई. सॅडल मागेपुढे सरकवून वरच्या फ्रेटांचे स्वर पुन्हा जुळवावे लागतात आणि तरंगता ब्रिज असेल तर मागच्या स्प्रिंगा कसाव्या किंवा सैल कराव्या लागतात. नटच्या खाचांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. जाड तार अरुंद खाचेत अडकते आणि खुंटी पिळताना ‘टिंग’ असा आवाज करून एकदम सुटते, त्यामुळे गिटार सुरात राहत नाही. कारागीर कानशीने खाच रुंद करून देतो. मन बदलून पुन्हा नऊवर आलात, तर तीच रुंद खाच बारीक तारेला ढिली पडते, आणि मग नट भरून घ्यावा लागतो किंवा नवा बसवावा लागतो.