पीटी वेगळी, गेम्स वेगळे: मिलिटरी हॉस्पिटलवाल्यांसाठी

सोल्जर टेक्निकल नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती झालेल्या पोरांचा, आणि त्यांच्या घरच्यांचाही, एक ठरलेला समज असतो की सोळाशे मीटर मारली, मेडिकल क्लिअर झालं, आता हॉस्पिटलची ड्युटी, पळापळ संपली, संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळायचा आणि तीच पीटी. तसं नसतंय. सकाळची पीटी परेड आणि संध्याकाळची गेम्स परेड, दोन्हीला फॉल-इन होतं, म्हणजे सगळे रांगेत उभे राहतात, हजेरी होते, शॉर्ट्स-शूज तेच, घाम दोन्हीकडं निघतो, म्हणून बाहेरून एकच वाटतं. पण दोन्हीचा हिशोब वेगळा आहे आणि मेडिकल युनिटमध्ये ही गल्लत जरा जास्तच महागात पडते.

पीटीचा हिशोब माणशी. तुम्ही किती पळता, किती बीम मारता (आडव्या दांड्याला लटकून अंग वर ओढणं), ते तुमच्या नावासमोर लिहिलं जातं, शेजारचा कितीही दांडगा असला तरी त्याचे मार्क तुम्हाला मिळत नाहीत. वर्षानुवर्षं यासाठी दोन टेस्ट चालत आल्यात, पीपीटी (फिजिकल प्रोफिशियन्सी टेस्ट) आणि बीपीईटी (बॅटल फिजिकल एफिशियन्सी टेस्ट), आणि त्यांच्यातही लोक गोंधळतात. पीपीटी म्हणजे हलक्या ड्रेसवर, २.४ किलोमीटर दौड, ५ मीटर शटल (तेवढ्याच अंतरात मागंपुढं पळणं), बीम, सीट-अप वगैरे. बीपीईटी म्हणजे पाठीवर पिठ्ठू (सामानाची पिशवी), हातात रायफल आणि ५ किलोमीटर, शिवाय ६० मीटर स्प्रिंट, उभा रस्सा, आडवा रस्सा, ९ फुटी खड्डा. वयाप्रमाणे टायमिंग बदलतं. आता कोणी विचारेल की मेडिकलवाल्याला रायफल कशाला, तर १९४९ च्या जिनिव्हा करारात मेडिकल स्टाफला स्वतःच्या आणि पेशंटच्या बचावापुरतं हत्यार बाळगायची मुभा आहे.

पण खरं सांगू का, माझ्या मते रायफलपेक्षा स्ट्रेचर हा पीटीचा खरा पेपर आहे. सत्तरेक किलोचा माणूस, वर त्याचं सामान, चौघांनी उचललेला, वाट दगडाधोंड्यांची आणि चढाची. अशा वेळी दम नंतर जातो, आधी जाते ती मूठ. बोटं सुटायला लागतात, हात पुढून मागं बदलावा लागतो, आणि चौघांत एक जरी कच्चा निघाला तर स्ट्रेचर त्याच्या बाजूला कलतं आणि वर झोपलेल्याच्या फ्रॅक्चर झालेल्या पायाला ते लगेच कळतं. रस्सा आणि बीम कशासाठी करून घेतात ते तेव्हा समजतं. लखनौच्या एएमसी (आर्मी मेडिकल कोअर) सेंटरमध्ये उस्ताद, म्हणजे पीटी घेणारे, जे बीमवर लटकवून ठेवतात त्याला पोरं शिव्या घालतात, पण ही मूठ व्हॉलीबॉलनं कधीच येणार नाही.

मग गेम्स कशाला? तर ते टीमसाठी, आणि हॉस्पिटलमध्ये याची गरज पायदळापेक्षा जास्त आहे असं मला वाटतं. पायदळाची पलटण एकत्रच राहते, एकत्रच जेवते. हॉस्पिटलमध्ये सर्जन, नर्सिंग ऑफिसर, लॅबवाला, क्लार्क, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, सगळे वेगवेगळ्या शिफ्टला, एकमेकांची तोंडंही धड बघत नाहीत. ग्राउंडवर मात्र कर्नल साहेबांचा स्मॅश एखादा शिपाई ब्लॉक करतो, सगळे ओरडतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच शिपाई ऑपरेशन थिएटरमध्ये "साहेब, एक स्पंज कमी आहे" असं न घाबरता बोलतो. हे काम पीटी करत नाही, तिथं तर तोंड बंद ठेवून उस्तादांच्या मोजणीवर चालायचं असतं.

फक्त गेम्सला व्यायामाचं सर्टिफिकेट सरसकट देऊ नका. फुटबॉल, बास्केटबॉलला माणूस खरोखर पळतो. व्हॉलीबॉलमध्ये एक उडी मारतो आणि पाच जण बघतात, निदान आमच्याकडं तरी असंच चालायचं. प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यातला ताकदीचा भाग संध्याकाळच्या खेळात जवळपास शून्य.

दुखापतीही वेगळ्या. पीटीतल्या दुखापती हळूहळू येतात, नडगीचं स्ट्रेस फ्रॅक्चर हे त्याचं नमुनेदार उदाहरण, सुट्टीवरून आलेला माणूस दुसऱ्याच दिवशी जुन्या स्पीडनं पळायला लागला की हाडाला सावरायला वेळच मिळत नाही. आणि उन्हाळ्यात हीटस्ट्रोक, तिथं आधी थंड पाण्यानं अंग गार करायचं, हलवायचं नंतर. गेम्सच्या दुखापती एका झटक्यात, घोटा मुरगळला, गुडघ्याचं लिगामेंट गेलं, बोट मोडलं. बोट मोडलेला माणूस एक्सरे टेक्निशियन निघाला तर पुढच्या महिन्याचा ड्युटी चार्ट नव्याने मांडायचा. त्यामुळं टूर्नामेंटच्या आदल्या आठवड्यात एकाच सेक्शनचे सगळे जण टीममध्ये घेऊ नयेत, एवढी अक्कल टीम निवडणाऱ्याला पाहिजे.

टाइमटेबल हा खरा डोकेदुखीचा भाग. पायदळात सगळे एकदम फॉल-इन होतात, हॉस्पिटल रिकामं कसं करणार? पीटी दोन बॅचमध्येच घ्यावी लागते आणि नाईट करून आलेल्याला टायमिंगच्या दौडीत अजिबात उभं करायचं नाही, त्याला झोपू द्या. काही ठिकाणी यावर सोपा उपाय म्हणून संध्याकाळच्या गेम्सची हजेरी सरळ पीटीच्या रजिस्टरमध्ये ओढतात. मग टेस्टच्या दिवशी निम्मे लोक तिसऱ्या किलोमीटरला चालताना दिसतात.

हीच गल्लत पुण्यात संस्थांच्या नावांतही होते. आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंग वेगळी आणि आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट वेगळी, दोन्ही पुण्यातच. पहिलीत पीटी घेणारे उस्ताद तयार होतात, जे परत युनिटात जाऊन सगळ्यांना पळवतात. दुसरी २००१ ची, मिशन ऑलिम्पिकसाठी, म्हणजे ऑलिम्पिकची पदकं डोळ्यासमोर ठेवून, तिथं मोजकेच खेळाडू घडवतात. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये जवान म्हणून गेला आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलमध्ये स्टीपलचेसचं रौप्य घेऊन आला, तसं काही स्वप्न असेल तर खेळाचा रस्ता धरा, पण त्यासाठी तुमची पीटी माफ होईल या भ्रमात राहू नका.

शेवटी 'एक्सक्यूज पीटी'च्या, म्हणजे पीटीतून सूट देणाऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीचं. सकाळी कंबरदुखीची चिठ्ठी दाखवून बाजूला बसलेला गडी संध्याकाळी बॅडमिंटन कोर्टवर स्मॅश मारताना दिसतो, आणि समोर खेळणारा कधी कधी चिठ्ठी देणारा डॉक्टरच असतो. दरवेळी तो खोटारडाच असतो असं नाही, चिठ्ठीवर फक्त पीटी लिहिलंय, गेम्सचं काहीच नाही, मग तो का थांबेल? म्हणून डॉक्टर साहेबांनी परेडचं नाव न लिहिता काय बंद ते लिहावं: पळणं, उडी, वजन उचलणं दोन आठवडे बंद, चालणं-पोहणं चालू, मग परत दाखवणे. आणि त्या चिठ्ठीची एक कॉपी उस्तादांकडं, एक टीमच्या कॅप्टनकडं.