प्रसाविका विद्यार्थिनी : काम-जीवन समतोल व व्यवसायातील टिकाव

प्रसाविकेचे (मिडवाइफचे) शिक्षण घेताना अभ्यास, प्रसूतिकक्षातील ड्यूटी, घर आणि अनेकींच्या बाबतीत अर्थार्जन यांची घातली जाणारी सांगड, आणि पात्रतेनंतर व्यवसायात टिकून राहणे, या दोन बाबींचा विचार सामान्यतः एकत्र केला जातो.

काम-जीवन समतोल या संकल्पनेच्या उगमाबाबत मतभेद आहेत. काही अभ्यासक तो रॉबर्ट कान व सहकाऱ्यांनी 1964 मध्ये केलेल्या भूमिकासंघर्षाच्या (एकाच व्यक्तीच्या निरनिराळ्या भूमिकांच्या मागण्या एकमेकींशी न जुळणे) मांडणीत पाहतात. ग्रीनहाउस व ब्यूटेल यांनी 1985 मध्ये काम आणि कुटुंब यांतील संघर्षाचे तीन प्रकार केले : वेळेचा, ताणाचा व वर्तनाचा. येथे ही दुसरी मांडणी अधिक उपयोगी ठरते, कारण विद्यार्थिनीला तिन्ही संघर्ष एकदमच गाठतात. रात्रपाळी कुटुंबाचा वेळ घेते, अवघड प्रसूतीचा ताण घरापर्यंत येतो आणि वॉर्डात अंगवळणी पडलेला अलिप्तपणा घरच्यांना खटकतो.

अडचणीचे मूळ बरेचसे अभ्यासक्रमाच्या रचनेत आहे. युरोपीय संघाच्या 2005 च्या निर्देशानुसार (2013 मध्ये सुधारित) थेट प्रवेशाच्या (आधी परिचारिका न होता घ्यायच्या) शिक्षणाला किमान 3 वर्षे व 4,600 तास लागतात. वर्षाचे 45 आठवडे धरल्यास हे आठवड्याला सुमारे 34 तास होतात. घरचा अभ्यास निराळा. विद्यार्थिनीने स्वतः किमान 40 प्रसूती करणे आवश्यक असते. प्रसूत होणाऱ्या स्त्रिया पुरेशा नसतील तर ही संख्या 30 पर्यंत उतरते, मात्र आणखी 20 प्रसूतींत साहाय्य करावे लागते. प्रसूतीला वेळापत्रक नसल्याने तास भरले तरी संख्या भरेलच असे नाही, आणि शेवटच्या सत्रात जादा पाळ्या घ्याव्या लागतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये त्याच स्त्रीची गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत साथ करणेही अभ्यासक्रमात येते. तेथे विद्यार्थिनी फोन आला की निघण्याच्या तयारीत असते. पगारी काम किंवा लहान मूल असलेल्यांना हे विशेष जड जाते. याउलट, पात्र प्रसाविकांत अशा सातत्याच्या पद्धतीने काम करणाऱ्यांना थकवा कमी जाणवतो, असे काही ऑस्ट्रेलियन अभ्यासांत आढळले आहे. फरक बहुधा वेळेवरील ताब्याचा असावा : पात्र प्रसाविका आपले वेळापत्रक सहकाऱ्यांशी ठरवते, विद्यार्थिनीला ते ठरवून मिळते.

गळती मोजण्याची रीत एक नाही. काही संस्था ठरल्या मुदतीत पदवी न मिळवणाऱ्या सर्वांना गळतीत धरतात. तर काही बाळंतपणाची रजा वा आजारपण यांमुळे खंड घेऊन परतलेल्यांना वगळतात. त्यामुळे देशादेशांतील टक्केवारी शेजारी ठेवून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

नोकरी सोडण्याची कारणे ब्रिटनमध्ये तुलनेने अधिक तपासली गेली. बॉल, कर्टिस व कर्कम यांच्या 2002 मधील अभ्यासात, मनाजोगते काम करता न येणे हे एक ठळक कारण दिसले. बिली हंटर यांनी 2004 मध्ये स्त्रीसोबत राहण्याचा आदर्श व संस्थेची घाई यांतील द्वंद्व मांडले. शिक्षणात पहिला बिंबवला जातो, वॉर्डात दुसरी भेटते. कोपनहेगन बर्नआउट मापिका (थकवा मोजणारी प्रश्नावली) वापरून पुढे झालेल्या पाहणीत वैयक्तिक व कामाशी निगडित थकवा मोठा निघाला, पण ज्यांची सेवा करायची त्या स्त्रियांमुळे येणारा थकवा बराच कमी. म्हणून केवळ सहनशक्ती वाढवण्याच्या कार्यशाळांपेक्षा पाळ्यांची आगाऊ सूचना, अर्धवेळ शिक्षण, शिकताना आर्थिक साहाय्य व पहिल्या वर्षी अनुभवी प्रसाविकेची देखरेख यांवर भर देणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

2021 च्या जागतिक प्रसाविका अहवालात सुमारे 9 लाख प्रसाविकांची कमतरता नोंदली असून तिचा सर्वाधिक भार आफ्रिकेवर आहे.