अलाइनमेंटचा रकाना भरताना

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं रंगवून खेळायचा खेळ पहिल्यांदाच खेळायला आलेली मंडळी क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, झटपट निवडतात आणि अलाइनमेंटपाशी, म्हणजे पात्राच्या नैतिक कलापाशी, अडतात. मग 'केऑटिक न्यूट्रल' लिहून मोकळी होतात, म्हणजे वाटेल तसं वागायला रान मोकळं! पण हा रकाना त्यासाठी नाही.

त्यात दोन प्रश्न आहेत. तुमचं पात्र कायदा, परंपरा, दिलेला शब्द कितपत मानतं? त्यावरून लॉफुल (मानणारं), न्यूट्रल (मधलं) किंवा केऑटिक (न जुमानणारं). दुसऱ्याच्या भल्यासाठी ते स्वतः झळ सोसेल, की स्वतःसाठी दुसऱ्याला तुडवेल? त्यावरून गुड, न्यूट्रल किंवा ईव्हल. तीन त्रिक नऊ. 1974 च्या मूळ खेळात फक्त पहिलाच प्रश्न होता. नऊ घरांचा तक्ता 1978 च्या प्लेयर्स हँडबुकात दिसतो.

आता हा प्रसंग घ्या. गाव लुटणाऱ्या टोळीतला एक गॉब्लिन (खुजा राक्षस) तुमच्या हाती लागलाय. शस्त्र टाकून गयावया करतोय. गावचा सरदार म्हणतो, आत्ताच लटकवा. लॉफुल गुड पॅलाडिन (शपथबद्ध योद्धा) त्याला मारू देणार नाही, पण सोडणारही नाही. रीतसर न्यायनिवाडा मागेल. केऑटिक गुड 'रोग'ला (चोरट्या हिकमतीच्या पात्राला) सरदारच जुलमी वाटला, तर तो रात्री गुपचूप दोर कापेल. लॉफुल ईव्हल विझर्ड (जादूगार) गॉब्लिनकडून जन्मभराच्या चाकरीचा करार लिहून घेईल, आणि कराराचं अक्षरन् अक्षर पाळेल. हे तिघं एकाच पार्टीत (पात्रांच्या गटात) असले की डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला, तासभर काही करावंच लागत नाही.

जुन्या आवृत्त्यांत पॅलाडिन लॉफुल गुडच असावा लागे. ढळला की शक्ती जात. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत ती अट नाही, तिथे त्याची शपथ मोठी. म्हणून रकाना पेन्सिलनेच भरा. चार सेशननंतर पात्र वेगळंच निघालं तर खोडा, त्यात काही बिघडत नाही. शेजारी एक ओळ जरूर लिहा: 'हा काहीही झालं तरी काय करणार नाही?' आमच्या मते नऊही नावांपेक्षा ही ओळ जास्त कामाला येते.

'माझं कॅरेक्टर असंच आहे' म्हणत सोबत्यांच्याच थैल्या मारणं आमच्या टेबलावर चालत नाही. ईव्हल पात्र घ्यायचं असेल तर पहिल्या सेशनआधी डीएमशी आणि बाकीच्या खेळाडूंशी बोलून घ्या. कोऱ्या शीट आणि पेन्सिली काउंटरवर मिळतील.